ईसीजी नॉर्मल आला, मग पुढं काय?

मानसिक आजाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'लोकांना लाज वाटते, म्हणून ते उपचार घेत नाहीत.' बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे, आणि काउंटरवरून मला तरी तसं दिसत नाही. लोक उपचार घेतात. लई घेतात, फक्त भलतेच.

'धडधड व्हायलीय, हातापायाला मुंग्या येतात, घशात गोळा अडकल्यावानी वाटतं, रात्री दचकून उठते अन् आता मरते की काय असं होतं.' हे सांगणारी मावशी आधी गॅसची गोळी नेते. फरक पडला नाही की गावातच सलाईन. मग ईसीजी, मग लातूर नाहीतर संभाजीनगर गाठून टू-डी इको. मधेच कुणीतरी 'बाहेरचं हाय' म्हणतं आणि अंगारे-गंडे सुरू होतात. फाइल जाड होते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी डॉक्टर सांगतात, 'तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.'

माझा राग या वाक्यावर आहे. जिथून उपचार सुरू व्हायला पाहिजेत तिथंच आपण माणसाला घरी पाठवतो. (तपासण्या फुकट गेल्या असं म्हणत नाही. थायरॉइड वाढलं, रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते, ते एकदा बघायलाच पाहिजे. पण एकदा!)

मावशीच्या या त्रासाला अँग्झायटी, म्हणजे चिंतेचा आजार, म्हणतात आणि जगात सगळ्यात जास्त आढळणारा मानसिक आजार हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१९ मध्ये ३० कोटींहून जास्त लोकांना तो होता, आणि त्यातल्या चारांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात. भारतात २०१७ चा अंदाज साडेचार कोटींच्या आसपास, म्हणजे जवळपास डिप्रेशनएवढाच. पुरुषांपेक्षा बायांना जास्त. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातले सुमारे ८५ जण उपचाराविना निघाले. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ते एक सोडा.

आपल्याकडं मनाची चर्चा सुरू होते ती एकदम आत्महत्येपासून. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला, तो गरजेचाच होता. पण पंचनामा करायची वेळ आल्याशिवाय शासनदरबारी मन दिसतच नाही. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी म्हातारी सासू, आणि पहाटे तीनला छाती धरून बसलेली बाई कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता गोळ्यांचं, कारण ते मला जवळून दिसतं. अल्प्राझोलामसारखी गोळी अर्ध्या-एक तासात गार करते. कुणीतरी एकदा लिहून देतं, मग पेशंट तीच जुनी चिठ्ठी घेऊन फिरतो आणि दोन-तीन महिन्यांत तिच्याशिवाय झोप येईनाशी होते. खरं औषध वेगळं आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गोळ्यांनी सवय लागत नाही आणि जेनेरिक घेतल्या तर महागही नाहीत. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या दिवसांत मळमळ, बेचैनी होते ती वेगळीच. हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून माणूस आठव्या दिवशी गोळी फेकून देतो, 'याच्यानं अजूनच वाढलं' म्हणत. पुढं बरं वाटलं तरी महिनोन्‌महिने चालू ठेवायच्या असतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरला विचारून, हळूहळू.

राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नाही. पण या आजाराला सहसा भरती व्हावं लागत नाही, ओपीडी पुरते. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहेत. अडचण केसपेपरच्या पैशाची नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतीला एक माणूस, हे दर महिन्याला जमवायचं कसं? गोळीइतकाच गुण बोलून करायच्या उपचारानंही येतो, सीबीटी म्हणतात त्याला. पण तो शिकवणारा माणूस तालुक्याला शोधून दाखवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावी. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा जीव घाबरा झाला, आणि डोक्यातली काळजी थांबवता आली नाही असं किती वेळा झालं, हे दोन प्रश्न आशाताईसुद्धा विचारू शकते. अवघड केस तेवढी वर पाठवावी. पुढच्या गोळ्या गावात मिळाल्या तर महिन्याची खेप वाचते.

तोवर टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लक्षात ठेवा. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि 'ती झोपेची पट्टी द्या की भाऊ, आपली ओळख हाय' म्हणून माझ्याकडं येऊ नका. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. पाहुणे असाल तरी नाही.