‘एनर्जी कमी वाटते’

आज दुपारी एका मुलाखतीनंतरच्या चर्चेत मी गप्प बसलो, आणि संध्याकाळपासून मला इतर कोणापेक्षाही स्वतःचाच अधिक राग येत आहे. तो उतरवल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून हे लिहीत आहे. पोस्ट लांबणार आहे, याची कल्पना आधीच देतो.

उमेदवार ५१ वर्षांचे होते आणि गेली २७ वर्षे ते प्रोग्रॅमिंगच करत आले होते. आम्ही तिघांनी त्यांना नेहमीचाच प्रश्न घातला : दोन ठिकाणांहून येणाऱ्या नोंदी एकत्र करा आणि दुबार नोंदी गाळा. त्यांनी लगेच कोड लिहायला घेतला नाही. नोंदी साधारण किती असतील, एकच नोंद दोन्हीकडून एकाच वेळी बदलली जाऊ शकते का, दुबार समजून एखादी खरी नोंद गाळली गेली तर भुर्दंड कोणाला बसेल, असे ते विचारत राहिले. ४५ मिनिटांपैकी १२ मिनिटे त्यात गेली. त्यानंतर त्यांनी लिहिलेला कोड स्वच्छ होता आणि बरोबरही होता. ते गेल्यावर पॅनेलमधल्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने ‘वेग कमी’ असे नोंदवले, दुसरा म्हणाला, “एनर्जी कमी वाटते,” आणि ४४ वर्षांचा मी, त्या खोलीतला वयाने सर्वांत मोठा माणूस, नुसती मान हलवून मोकळा झालो.

एनर्जी म्हणजे नेमके काय, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. आपल्याला माणूस कोड लिहिण्यासाठी हवा आहे की खुर्चीत उड्या मारण्यासाठी?

माझ्या रागाचे मूळ बरेच जुने आहे. मला नोकरी लागून तेव्हा वर्षही झाले नव्हते. आमची एक यंत्रणा रोज रात्री एका संगणकावरच्या नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठवत असे. तिच्या कोडमध्ये मला एक ओळ सापडली, जिच्यामुळे प्रोग्रॅम प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन सेकंद नुसता थांबत होता. ना कॉमेंट (कोडमधली खुलाशाची टीप), ना कारण. कोणाच्या तरी आळसाचा तो पुरावा आहे, असे ठरवून मी ती ओळ काढून टाकली. साऱ्या चाचण्या पार पडल्या, काम झपाट्याने होऊ लागले आणि वरिष्ठांनी माझी पाठही थोपटली. महिनाअखेरीस नोंदींचा भार वाढला, त्या रात्री शेकडो नोंदी दोनदा चढल्या. रात्री अडीच वाजता मी घामाघूम होऊन सर्व्हर पुन्हा सुरू करण्याच्या बेतात असताना आमच्या चमूतल्या ज्येष्ठ मॅडम आल्या. त्या तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या. “हात लावू नकोस, आधी लॉग वाचू,” एवढेच त्या म्हणाल्या आणि यंत्रणेने स्वतःच्या कामाची ठेवलेली ती टिपणे शांतपणे वाचण्यात त्यांनी पुढची २० मिनिटे घालवली. मग त्यांनी मला विचारले, “या आठवड्यात कोडमधून काय काढलेस?”

काय घातलेस, असे त्यांनी विचारले नाही. काय काढलेस, असे विचारले. एवढ्या वर्षांनंतरही तो प्रश्न माझ्या कानात तसाच आहे.

महिनाअखेरीला पलीकडच्या संगणकाची पोच उशिरा येत असे. ती यायच्या आत आमचा प्रोग्रॅम नोंद पोहोचलीच नाही असे समजून तीच नोंद पुन्हा पाठवत असे. हा प्रकार मॅडमनी सात वर्षांपूर्वी एकदा निस्तरला होता आणि ते दोन सेकंद त्यांनीच घातले होते. ती मलमपट्टी ओबडधोबड होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या शेजारी बसून योग्य उपाय माझ्याच हातून करून घेतला : प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे ती दहा वेळा पाठवली तरी पलीकडे एकदाच चढेल. आज दुपारी त्या गृहस्थांनी पहिल्या १२ मिनिटांत जे विचारले, ते याच जातीचे प्रश्न होते. मी ते ओळखले, आणि तरीही गप्प बसलो.

तंत्रज्ञान दर काही वर्षांनी बदलते, त्यामुळे जुन्या माणसाचे ज्ञान शिळे होते, हा युक्तिवाद तुम्ही सर्वांनी ऐकलेला असेलच. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ॲडोबी कंपनीने वेबपानांवर ॲनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशचे भवितव्य २०१७ मध्ये जाहीर केले आणि २०२० च्या अखेरीस ते बंदही झाले. ज्यांनी आपली उमेदीची वर्षे त्यात घातली होती, त्यांना खालच्या पायरीवरून पुन्हा चढावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या त्याच धर्तीच्या सिल्व्हरलाइटचेही २०२१ मध्ये तेच झाले. मात्र या उदाहरणांत माणसे म्हातारी झाली नव्हती, एका कंपनीच्या मालकीचे अवजार म्हातारे झाले होते, आणि त्या अवजारावर भिस्त ठेवणारा २५ वर्षांचा प्रोग्रॅमरही तितकाच उघड्यावर पडला होता. उलट १९५९ साली आकाराला येऊ लागलेली कोबोल ही भाषा अजून कितीतरी आर्थिक व्यवहार वाहून नेत आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले होते. साठवलेल्या माहितीतून हवे ते शोधून काढण्याची, सत्तरच्या दशकात जन्मलेली एसक्यूएल ही भाषा तर आजही आपल्यापैकी बहुतेकांच्या रोजच्या वापरात आहे. मॅडम ज्या भाषेत कोड लिहायला शिकल्या, ती त्या रात्रीपर्यंत आमच्या कार्यालयातून हद्दपार झाली होती. तरीही अडीच वाजता जे उपयोगी पडले, त्याचा कोणत्याही भाषेशी संबंध नव्हता.

२००७ साली फेसबुकचे २२ वर्षांचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी एका जाहीर कार्यक्रमात तरुण माणसे अधिक हुशार असतात, अशा आशयाचे विधान केले होते. आता त्यांनीही चाळिशी ओलांडली आहे. त्यांचे सध्याचे मत ऐकायला मला आवडेल. त्याच २००७ मध्ये नामवंत संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन ६४ व्या वर्षी गूगलमध्ये दोन सहकाऱ्यांसह ‘गो’ या नव्या भाषेचा आराखडा करायला बसले होते. तसेच नामवंत असलेल्या ब्रायन कर्निघन यांनी स्वतःच्याच जुन्या ‘ऑक’ या प्रोग्रॅमिंग भाषेत युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकात वापरण्याच्या पद्धतीची, सोय घातली, तेव्हा त्यांचे वय ८० होते. खरे तर अशी उदाहरणे देणे मला फारसे रुचत नाही, कारण या थोर मंडळींना कोणत्याही पॅनेलने एनर्जीबद्दल गुण दिले नव्हते. प्रश्न तुमच्याआमच्यासारख्या साध्या, नेकीने काम करणाऱ्यांचा आहे.

काही ज्येष्ठ मंडळी शिकणे खरोखरच सोडून देतात आणि प्रत्येक नव्या गोष्टीवर “आम्ही हे तेव्हाच केले होते” असे म्हणून पडदा टाकतात, हेही मान्य करतो. त्यांची बाजू मी घेणार नाही.

मॅडमचे पुढे काय झाले, ते मात्र सांगितलेच पाहिजे. त्यांना दोनदा व्यवस्थापकपद देऊ केले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला, कारण त्यांना कोड लिहायचा होता. आपल्या व्यवसायात या नकाराची शिक्षा लगेच मिळत नाही, ती साठत जाते. पदनाम तेच राहते, पगार मात्र वर्षागणिक थोडाथोडा वाढतो, आणि एके दिवशी कोणीतरी तक्त्यातल्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून पाहतो. त्या ५४ वर्षांच्या असताना खर्चकपातीच्या यादीत त्यांचे नाव आले. महाग माणूस आधी जातो, यामागचे गणित मला समजत नाही असे नाही. परंतु त्या तक्त्यात ते दोन सेकंद लिहायला रकाना नव्हता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकवाल्या मेटाने ११ हजारांहून अधिक आणि पुढच्या जानेवारीत गूगलने सुमारे १२ हजार लोक कमी करण्याची घोषणा केली, तेव्हा ते आकडे वाचताना माझ्या मनात सतत हाच विचार होता की यांच्यापैकी किती जणांच्या डोक्यात अशा बिनकॉमेंटच्या ओळींची कारणे असतील.

नोकरी गेल्यावर पाच महिन्यांनी त्याच कार्यालयातून मॅडमना फोन गेला, कारण ती यंत्रणा पुन्हा अडली होती. मी त्यांच्या जागी असतो तर फोन आपटला असता. त्या गेल्या. मी रागावून विचारले तेव्हा म्हणाल्या, “यंत्रणेचा काय दोष रे?” हे लिहिताना माझा राग थोडा निवळला आहे, हे कबूल करतो. तो तरुण सहकारीही वाईट नाही. त्याच्या वयाचा असताना मी त्याच्याहून उद्धट होतो, आणि ‘वेग कमी’ हा शेरा त्या काळी मीही बिनदिक्कत लिहिला असता. त्याच्या आयुष्यात रात्रीचे अडीच अजून वाजलेले नाहीत, एवढेच.

आता कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, त्यामुळे अनुभवाची किंमत संपली, असेही ऐकू येते. मी स्वतः ती रोज वापरतो आणि कंटाळवाणी कामे ती झटपट उरकतात, यात वाद नाही. परंतु कोडमध्ये किंवा नोंदवहीत कोठेच लिहिलेले नाही, अशा कारणाचा अंदाज ती कशाच्या आधारावर बांधणार? मी काढलेली ती ओळ अशा साधनापुढे ठेवली, तर तेही बहुधा ती निरुपयोगी ठरवून काढून टाकेल, आणि माझ्यापेक्षा कितीतरी नम्र भाषेत तसे कळवेल. काय काढलेस, असे विचारणारे कोणीतरी त्यानंतरही लागेलच.

निर्णयाच्या फॉर्मवर बाकी दोघांची मते नोंदवून झाली आहेत. माझी चौकट अजून रिकामी आहे आणि ती उद्या सकाळी दहाच्या आत भरायची आहे. तिच्यात मी त्या गृहस्थांनी विचारलेले प्रश्न आठवतील तसे एकाखाली एक लिहिणार आहे, आणि त्यांच्याखाली हेही, की मागच्या तिमाहीत आमच्याच यंत्रणेत दोनदा दुबार नोंदी चढल्या, तेव्हा पॅनेलवरच्या आम्हा तिघांपैकी एकालाही यातला पहिला प्रश्नसुद्धा वेळेवर सुचला नव्हता.