म्हणे, फक्त सांगता आलं नाही!

ब्रिटनमध्ये २०२४ साली कीर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाबद्दल एक समजूत सगळीकडे ऐकू येते: ‘स्टार्मर सरकारचं काम चांगलं, दिशाही ठरलेली, फक्त ते लोकांपर्यंत पोचवता आलं नाही.’ मला हे अजिबात पटत नाही.

‘जनादेश तर प्रचंड होता ना?’ जागांचा होता. जुलै २०२४ मध्ये ६५० पैकी ४११ जागा आल्या, पण मतं ३४ टक्क्यांच्या आतच. २०१९ मध्ये तेव्हाचे पक्षनेते कॉर्बिन यांच्या काळात पक्षाचं पानिपत झालं, तेव्हासुद्धा टक्केवारी नसली तरी एकूण मतांची संख्या याहून जास्त होती! लोकांना आधी सत्तेत असलेला हुजूर पक्ष नको होता, एवढंच.

‘तिजोरीत खडखडाट होता, कटू निर्णय घेणं भाग होतं.’ खडखडाट होता, कबूल. पण कुऱ्हाड कुणावर चालवायची हे सरकारनंच ठरवलं ना? सत्तेवर येऊन महिना व्हायच्या आत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी बहुतेक म्हाताऱ्यांचा हिवाळी इंधन भत्ता बंद केला. २०० ते ३०० पौंडांचा हा भत्ता यापुढे मुख्यतः पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठीची सरकारी मदत, घेणाऱ्यांनाच मिळणार होता. त्यासाठी एकट्या माणसाची मर्यादा आठवड्याला साधारण २१८ पौंड, म्हणजे वर्षाला ११ हजारांच्या आसपास. त्यापेक्षा थोडं जास्त मिळवणाऱ्या आजीबाईंनी थंडीत हीटर लावायचा की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. मग जून २०२५ मध्ये हेच सरकार म्हणालं, ३५ हजारांपर्यंत उत्पन्न असलं तरी भत्ता मिळेल. गरजू कोण, याची रेघ वर्षाच्या आत तिपटीनं वर सरकली. यात सांगण्यात काय कमी पडलं? पहिला निर्णय लोकांना नीट कळला होता, म्हणून तर ते भडकले.

‘बंडखोर खासदारांनी घात केला.’ दोन अपत्यांपुरताच भत्ता देण्याची अट उठवा, असं मत दिलं म्हणून जुलै २०२४ मध्ये सात खासदारांना संसदीय पक्षातून निलंबित केलं. ती अट उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात खुद्द रीव्ह्ज यांनीच केली. अपंगांच्या भत्त्यातली कपातही सव्वाशेच्या आसपास स्वपक्षीयांनी विरोध केल्यावर ऐन मतदानाच्या दिवशी गुंडाळावी लागली. आता घात कुणी कुणाचा केला?

कामं झालीच नाहीत, असं मी म्हणत नाही. रेल्वे सेवा सरकारी ताब्यात येऊ लागल्या. भाडेकरूला कारण न देता घराबाहेर काढण्यावर बंदी घालणारा कायदा इंग्लंडसाठी झाला आणि त्यावर सरकारनं माघार घेतली नाही. घरमालकाच्या बाजूनं उभं राहायचं की भाडेकरूच्या, हे तिथे आधीच ठरलं होतं.