सोपं शेड्यूल म्हणून इंडियानाला कमी लेखू नका

लेखात म्हटलंय की २०२४ ला इंडियाना युनिव्हर्सिटीची अमेरिकन फुटबॉल टीम प्लेऑफला (सीझनच्या शेवटी चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीला) गेली ती सोप्या शेड्यूलमुळे, म्हणजे समोर कमजोर टीम आल्या म्हणून, हे मला अजिबात पटलं नाही. मी ब्लूमिंग्टनला, म्हणजे याच युनिव्हर्सिटीत शिकलोय, तिकडे लोक बास्केटबॉलसाठी जीव टाकतात आणि फुटबॉलला हाफटाइमनंतर स्टेडियम रिकामं व्हायचं. २०२१ ते २३ तीन सीझन मिळून ९ मॅच जिंकलो होतो हो, ९! आणि सिग्नेटी नवे कोच म्हणून आले नि पहिल्याच वर्षी ११, कॉलेजच्या इतिहासात आधी कधी एका सीझनमध्ये १० पण झाल्या नव्हत्या. आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीमधून स्वतःची पोरं घेऊन आले, दुसऱ्या कॉलेजमधून ट्रान्सफर होऊन आलेला रोर्क क्वार्टरबॅक (बॉल फेकून अटॅक चालवणारा), आणि पहिल्या दिवसापासून जिंकायचीच भाषा, तिथेच फरक पडला असं मला वाटतं. नेब्रास्काला ५६-७, पर्ड्यूला ६६-० मारलं, पर्ड्यू म्हणजे आमचे पक्के वैरी, त्या रात्री मी झोपलोच नाही. ओहायो स्टेटकडून ३८-१५ आणि प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून २७-१७ हरलो हे मान्य, लाइन (पुढच्या फळीतली दांडगी पोरं) कमी पडली तिथे. पण शेड्यूल काय कोच बनवतो का? सीझनच्या सुरुवातीला समोर आलेल्या दहाच्या दहा टीम हरवल्या, अजून काय करायचं होतं त्यांनी?