टाळी कुणाला पडली? (‘झपाटलेला २’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

परवाच्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया टाकलीत, तिला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. पण ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा ‘अहो साहेब’पाशीच अडलो. मराठीत ‘अहो साहेब’ आदराने फार क्वचित म्हणतात. बहुतेकदा बाह्या सरसावताना म्हणतात. तुम्ही तर त्या वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हंही ठोकलीत.

बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून सांगतो. मी लिहिलं होतं की ‘झपाटलेला २’ला (गुंड तात्या विंचूचा आत्मा शिरलेल्या बोलक्या बाहुल्याच्या ‘झपाटलेला’चा हा दुसरा भाग) थिएटरात टाळ्या भरपूर पडल्या, पण हशा पहिल्या भागाच्या मानाने फार कमी झाला आणि त्याचं कारण केवळ लक्ष्याची, म्हणजे पहिल्या भागाचा नायक लक्ष्मीकांत बेर्डेंची, अनुपस्थिती नाही. त्यावर हे गृहस्थ म्हणतात: “अहो साहेब, तात्या विंचू पडद्यावर आला की अख्खं थिएटर टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणत होतं, पब्लिकला आवडला की विषय संपला, तुमच्यासारख्या घरबसल्या पंडितांना विचारतो कोण!!!” पुढे आणखी पाच मुद्दे आहेत. लक्ष्या नसताना तुलना करणं अन्यायाचं आहे, थ्रीडी लहान मुलांसाठी होतं, मला बाहुल्यांच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, लेखात एक धडधडीत चूक आहे, आणि मुळात गोष्टच ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी चित्रपटावरून उचललेली आहे.

चूक आहे, मान्य. मी ‘भारतातला पहिला थ्रीडी’ असं लिहून गेलो. तो मान १९८४च्या ‘माय डिअर कुट्टिचातन’ या मल्याळम चित्रपटाचा, जो आपल्याकडे ‘छोटा चेतन’ म्हणून हिंदीत आला. ‘झपाटलेला २’ हा मराठीतला पहिला. दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. एक शब्द राहून गेला म्हणून अख्खा लेख केराच्या टोपलीत जात असेल, तर तुमच्या प्रतिक्रियेतल्या ‘दिलिप प्रभावलकर’चं काय करायचं तेही कळवा. ‘दिलीप प्रभावळकर’ असं लिहितात.

आता टाळ्यांकडे येऊ.

मी ‘चालला नाही’ असं कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचा. तिकीटखिडकीबद्दल त्या लेखात एक अक्षर नाही. मी लिहिलं ते हशाबद्दल, आणि तुम्ही उत्तर देताय टाळीचं. नाटकवाल्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण त्यांच्याकडे त्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. एंट्रीला पडते ती टाळी, वाक्याला येतो तो हशा. एंट्रीची टाळी नट तोंड उघडायच्या आधी पडते. तेव्हा त्याने काहीच केलेलं नसतं, ती त्याच्या आधीच्या कामाची जमा बाकी असते. हशा मात्र वाक्य संपल्यावर येतो, आणि तो त्या क्षणी, त्या जागी कमवावा लागतो.

‘झपाटलेला’ १९९३चा, दुसरा भाग २०१३चा. मधल्या वीस वर्षांत पहिला भाग टीव्हीवर इतक्यांदा लागला की तात्या विंचूचं ते खरखरीत बोलणं आणि ‘ओम फट् स्वाहा’ हे कुठल्याही मराठी घरातल्या पोराला पाठ झालं. २०१३ला थिएटरात तोच बाहुला, तोच प्रभावळकरांचा आवाज आल्यावर टाळी पडणारच होती. ती टाळी १९९३ला होती. तुम्ही ती २०१३च्या खात्यावर जमा करताय, एवढंच माझं म्हणणं.

खात्री करायची साधी पद्धत आहे. चित्रपट पाहताना आवाज कधी सुरू होतो ते टिपायचं. बाहुल्याचा चेहरा दिसताक्षणी, म्हणजे संवादाच्या आधीच सुरू झाला तर ती ओळखीची टाळी. संवाद संपून अर्ध्या-एक सेकंदात आला तर हशा. मंत्र सुरू झाल्यावर प्रेक्षक सोबत म्हणू लागले तर ते तिसरंच काही, त्याला मी आरती म्हणतो. आरतीला कुणी हसत नाही. घाबरतही नाही. आणि तात्या विंचूचं सगळं भांडवल पहिल्या भागात हे होतं की मुलं घाबरत होती आणि त्याच दमात हसत होती.

संकलनाच्या टेबलावर याचे परिणाम होतात, आणि त्या टेबलावर मी एकवीस वर्षं बसलोय, तेव्हा ‘घरबसला’ हा शब्द निदान जागेच्या दृष्टीने चुकीचा आहे. एंट्रीला टाळी पडणार हे माहीत असलं की तिच्यासाठी जागा ठेवावी लागते, नाहीतर पुढचं वाक्य टाळीत बुडतं. समजा तीन सेकंद ठेवले. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ७२ फ्रेम झाल्या. भरल्या थिएटरात त्या ७२ फ्रेम सोन्याच्या असतात. दुपारच्या खेळाला वीस माणसं असली की त्याच ७२ फ्रेम खड्डा होतात: बाहुला नुसता उभा, संगीत वाजतंय, कुणीच काही करत नाही. टीव्हीवर तर खड्डाच खड्डा. असे पाच-सहा खड्डे पडले की प्रेक्षक “काहीतरी कमी आहे” म्हणतो, आणि काय कमी आहे ते न उमगल्यामुळे “लक्ष्या नाही ना” म्हणून मोकळा होतो. ओळखीवर बेतलेल्या कुठल्याही सीक्वेलला हा धोका असतोच, फक्त याच चित्रपटाला नाही.

पहिल्या भागातला हशा कुठून यायचा? तर एका साध्या क्रमातून. बाहुला हलतो, ते लक्ष्या पाहतो. लक्ष्या बोंब ठोकतो. माणसं धावून येतात. बाहुला लाकडासारखा पडलेला. मग लक्ष्याचा चेहरा. हशा त्या शेवटच्या दोन शॉट्सच्या मध्ये आहे. आणि त्यातला बाहुल्याचा शॉट चांगला दीडेक सेकंद निव्वळ निर्जीव राहायला हवा. पापणी नाही, मान नाही. तिथे बाहुल्याचं बाहुलंपणच विनोद करतं. प्रेक्षकाला सगळं आधीच माहीत असतं, १९९३लाही होतं. माहीत नसतं ते फक्त गावाला. सगळ्या गावात खरं बोलणारा एकच माणूस आणि नेमका तोच वेडा ठरतोय, ही गंमत. दुसऱ्या भागात हा भार आदिनाथ कोठारे, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशा अनेक खांद्यांवर वाटला गेला. चौघं मिळून घाबरली की कुणीच वेडं ठरत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४मध्ये गेले, त्यांना कुणी परत आणू शकत नव्हतं. पण ‘एकट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही’ ही जागा दुसऱ्या कुठल्याही नटाला देता आली असती, ती पटकथेची जागा आहे. त्यामुळे तुमचा अन्यायाचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

आता ते ‘ओ की ठो’. खरं सांगतो, हे झोंबलं.

बोलका बाहुला म्हणजे पोकळ धड, त्यात काठीवर बसवलेलं डोकं आणि पाठीला चीर. चिरेतून हात आत जातो, मूठ काठी धरते. अंगठ्याखाली एक तरफ असते. ती दाबली की खालचा जबडा उघडतो, सोडली की स्प्रिंग किंवा रबर तो मिटवतं. डोळ्यांची तरफ वेगळी. स्प्रिंग सैल पडली की तोंड अर्धवट उघडं राहतं आणि बाहुला बावळट दिसतो. घट्ट झाली की दर अक्षराला ‘टक्’ वाजतं, म्हणून जबड्याच्या कडेला चामड्याचा किंवा नमद्याचा तुकडा चिकटवतात. जबडा अक्षराअक्षराला उघडायचा असतो. नवशिके शब्दाला एकदाच उघडतात आणि बाहुला गिळताना दिसतो.

यात ओठांची भानगड निराळीच. शब्दभ्रमकार ओठ न हलवता बोलतो, आणि प फ ब भ म ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. मग तो जीभ दाताला लावून चोरी करतो: पला त, फला थ, बला द, भला ध, मला न. भरभर बोललं की ऐकणाऱ्याचा कान उरलेलं भरून घेतो. आता गंमत बघा. ‘तात्या’ आणि ‘लक्ष्या’ ही दोन्ही नावं ओठ न हलवता लीलया निघतात. आणि ‘ओम फट् स्वाहा’? म, फ, व. तीन शब्दांत तीन सापळे. नुसत्या शब्दभ्रमावर तो मंत्र रंगमंचावर म्हणायचा तर ‘ओन थट्’ होईल. चित्रपटात हे चालून गेलं, कारण बाहुला घडवणारे आणि खेळवणारे रामदास पाध्ये एकीकडे आणि आवाज देणारे प्रभावळकर दुसरीकडे. त्यामुळे ओठांचं बंधन सुटलं, पण जुळवणीचं ओझं आलं. सेकंदाला पाच अक्षरं धरली तर एका अक्षराला जेमतेम पाच फ्रेम मिळतात. आवाज जबड्याच्या दोन फ्रेम मागे राहिला तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन फ्रेम पुढे गेला तर लगेच खटकतं, कारण व्यवहारात आवाज कृतीच्या आधी कधी पोचत नाही. ज्याला ओ की ठो कळत नाही त्याला हे कुणी सांगितलं असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला तर बरं होईल.

थ्रीडीबद्दल. तुम्ही मला तंत्राचा शत्रू ठरवलंत. ‘धडाकेबाज’ला याच दिग्दर्शकाने, महेश कोठारेंनी, मराठीत पहिल्यांदा सिनेमास्कोप (रुंद पडदा) आणला, त्याचं कौतुक याच ठिकाणी मी केलंय. बाटलीतला इवलासा गंगाराम आठवा. विनोद कशात होता? आकारात. तात्या विंचूतही तेच आहे: वीतभर तोंडाचा बाहुला, आणि धमक्या गुंडाच्या. तो लहान दिसणं ही विनोदाची अट आहे.

माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असतं. थ्रीडीत दोन भिंगांमधलं अंतर ठरवताना ढोबळ नियम असा की ते सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं असावं. वस्तू दोन मीटरवर असली तर ६५ मिलिमीटर बरोबर बसतात. बाहुल्याचा क्लोजअप ६० सेंटिमीटरवरून घ्यायचा तर अंतर २० मिलिमीटरवर आणावं लागतं, नाहीतर दोन प्रतिमा जुळत नाहीत आणि डोकं दुखतं. पण भिंगं डोळ्यांपेक्षा जवळ आणली की मेंदू फसतो आणि समोरची वस्तू आहे त्यापेक्षा मोठी भासते. म्हणजे ज्या क्लोजअपमध्ये बाहुला चिमुकला वाटायला हवा, तिथेच तो राक्षस होतो. भयपटाला हे पथ्यावर पडेल. विनोदाची मात्र हवा जाते.

शिवाय प्रत्येक कटला डोळ्यांना नव्या खोलीवर जुळून घ्यावं लागतं. बाहुला पडद्याच्या पुढे आणि नटाचा चेहरा मागे ठेवून भराभर कट मारले तर डोळे शिणतात, म्हणून थ्रीडीत शॉट लांब ठेवतात. आणि ‘हलला, पडला, चेहरा’ हा क्रम तर झटपट कटांवरच जगतो. त्यात चष्म्याने उजेड खाल्लेला: साध्या खेळाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे प्रमाण, थ्रीडीत अनेक ठिकाणी तो चार-पाचवर येतो. रात्रीच्या प्रसंगात समोरच्याची भुवई उडालेली दिसलीच नाही तर हसणार कशाला? पडद्याबाहेर झेपावणाऱ्या वस्तूला मुलं किंचाळतात, हे कबूल. ‘मुलांसाठी होतं’ हा तुमचा मुद्दा तिथे शंभर टक्के खरा. किंचाळणं मी हशात मोजत नाही, आणि मुलांना हसवायला थ्रीडी लागतं असं मानणाऱ्याने १९९३ची मुलं पाहिलेली नाहीत.

‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललेली गोष्ट, तिच्यावर एवढा काथ्याकूट कशाला, असं तुम्ही शेवटी म्हणालात. १९८८च्या त्या चित्रपटाचा सांगाडा इथे आहे, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. तिथवर तुम्ही पोचला नसाल.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, जागा मोकळी आहे. फक्त एक करा. दुसऱ्या भागातला एक प्रसंग निवडा, कुठलाही, आणि त्यात हशा नेमका कुठल्या शॉटवर आला ते सांगा. टाळी नको. ‘साहेब’ही नको.