सर्व सभासदांना कळविण्यात येते की

आमच्या सोसायटीचा सूचना फलक जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या शेजारी आहे. त्याला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे मिळेल ही माहिती आत, काचेच्या पलीकडे टाचणीने लावलेली आहे. ट्यूबलाइट अशा बेताने बसवली आहे की वरची सूचना वाचायला मान डावीकडे न्यावी लागते आणि खालची वाचायला उजवीकडे. मधली सूचना कोणीच वाचलेली नाही. तिथे ज्याला त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो.

एवढं करून मजकुरापर्यंत पोचलात, तर तिथे आमचे सचिव उभे. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, पण जिल्हा परिषद त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांची टाकी धुण्याची सूचना अशी असते: ‘सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत सर्वानुमते मंजूर झालेल्या ठरावास अनुसरून, संस्थेच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची साफसफाई करण्याचे निश्चित करण्यात आले असून...’ पाणी बुधवारी नाही, ही गोष्ट नवव्या ओळीत येते. तोपर्यंत वाचणाऱ्याची लोकल सुटते. मग बुधवारी अंगाला साबण लावलेले सभासद फोन करतात आणि सचिव शांतपणे म्हणतात, “नोटीस लावली होती.”

शेवटी समितीत फलक सुधारण्याचा विषय निघाला आणि मी ‘लिहितो-बिहितो’ म्हणून माझ्या गळ्यात पडला. माझी भाची पुण्यात डिझायनर आहे. मोबाइलच्या अ‍ॅपमधलं कुठलं बटण कुठे असावं हे ठरवण्याचे तिला पैसे मिळतात. तिला फलकाचा फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन.

“मामा, हा गुलाबी कागद कोणी निवडला?”

“रंगीत कागदाचं रीम स्वस्तात मिळालं होतं.”

“आणि शाई?”

“टोनर संपत आलाय. पण अजून चालतो म्हणतात.”

मग तिने मला कॉन्ट्रास्ट समजावला. वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ला १ एवढा फरक असावा असा दंडक आहे म्हणे. आमच्या फलकावर हे प्रमाण साधारण दोस्तीत गेलं होतं. त्यात अनुस्वार सगळ्यात आधी नाहीसे व्हायचे. ‘पंप बंद राहील’ याचं ‘पप बद राहील’ झालं होतं आणि ते आम्ही विनातक्रार वाचत होतो.

मूळ फाइल मागवली तर नवंच संकट. सचिवांनी पेन ड्राइव्ह दिला, झेरॉक्सवाल्याने तो उघडला आणि पडद्यावर कंस, डॉलर, टक्के आणि रोमन अक्षरांची भाजी. “तुमच्या फाइलीत व्हायरस आहे,” तो म्हणाला. व्हायरस नव्हता. युनिकोड रुळायच्या आधीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे मराठीचा मुखवटा उतरतो आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, पण सचिवांची बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर घडलेली. “मी एवढी वर्षं काय मराठी टाइप करत नव्हतो?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा तांत्रिक उत्तर ‘नाही’ असूनही मी ते दिलं नाही.

सगळा मजकूर मीच पुन्हा टाइप करून पाठवला. भाचीच्या हाताखालच्या अमराठी मुलाने त्याला ‘मॉडर्न लूक’ द्यायला अक्षरांत अंतर वाढवलं. रोमन लिपीत हे रुबाबदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते. ‘टाकीची साफसफाई’ फटी पडलेल्या कुंपणासारखी दिसायला लागली. ते जोडून घेतलं, तर त्याने ओळी जवळ आणल्या. इंग्रजीच्या मापाने आणल्या, आणि मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांवर जाऊन बसले. आपल्या लिपीला डोक्यावरही जागा लागते आणि पायाखालीही. सोसायटीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

अखेर कागद तयार झाला. “आता पाच जणांना दाखव,” भाची म्हणाली. याकोब नीलसन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलं तरी सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. नीलसनसाहेब आमच्या इमारतीत राहिलेले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा पुसून कागद वाचला. “काय कळलं, आजी?” “‘स्वच्छता’मधला च्छ बरोबर आहे. हल्ली कोणी बरोबर लिहीत नाही.” पाण्याचं? “पाण्याचं काय?” कॉलेजातल्या एका मुलाने कागदाचा फोटो काढला आणि न वाचताच लिफ्टमध्ये शिरला. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी रंगीत छपाईचा खर्च कोणत्या सभेत मंजूर झाला ते विचारलं. खजिनदार म्हणाले, “छान आहे,” कारण खर्चाचा विषय त्यांना तिथेच संपवायचा होता. सचिवांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “जावक क्रमांक?”

तरीही लावला. वर निळाशार पाण्याचा थेंब, खाली ठसठशीत अक्षरांत ‘बुधवारी पाणी नाही. सकाळी १० ते दुपारी ४’, आणि तळाशी सचिवांचा फोन नंबर. लांबूनही वाचता यावा असा. मी दोन दिवस येता-जाता बघत होतो. लोक येत, फलकाकडे नजर टाकत आणि पुढे जात. मंगळवारी सचिवांना पहिला फोन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वॉटर प्युरिफायरचा डेमो हवा होता.

भाची खो खो हसली. “मामा, याला बॅनर ब्लाइंडनेस म्हणतात.” १९९८ साली दोन संशोधकांनी हे दाखवून दिलं होतं: वेबपानावरची सर्वांत मोठी, सर्वांत रंगीत गोष्ट लोक अनेकदा नेमकी वगळतात. ती जाहिरात वाटते म्हणून, असं म्हणतात. मग पैसे घेऊन तुम्ही लोक दुसरं काय करता, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण काम फुकटात झालं होतं, त्यामुळे राहिलं.

मंगळवारी संध्याकाळी सचिवांनी थेंबाच्या बाजूला आपला गुलाबी कागद लावला. जावक क्रमांक, ‘सही/-’, आणि संस्थेचा जांभळा गोल शिक्का, अर्धा उमटलेला. रात्री जेवून खाली उतरलो तर फलकापुढे गर्दी. एकाने मान डावीकडे, एकाने उजवीकडे केलेली, आजी कोणाकडून तरी वाचून घेतायत, आणि बँकेतले काका नवव्या ओळीवर बोट ठेवून सगळ्यांना बजावतायत, “बादल्या भरून ठेवा!”

सचिव मागे हात बांधून उभे होते. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भाचीला जरा विचारा. नवीन शिक्का करायला टाकणारच आहे, तो पाण्याचा थेंब मधोमध बसेल का?”