अंकाची वेबसाइट बंद करू नका

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला, "मावशी, आम्ही वेबसाइट बंद करतोय. आता फक्त इन्स्टाग्राम." ती यंदा कॉलेजच्या अंकाची संपादक आहे. सोबत विद्यार्थी माध्यमांना सोशल मीडियाचे धडे देणारा एक फॉरवर्ड होता. तिला तो तीन ग्रुपांवरून आला होता आणि संपादक मंडळाने तो प्रमाण मानला होता. कॉलेजात असताना मीही अंक काढलाय. हे वाचून गप्प बसवेना.

फॉरवर्ड म्हणतो, 'वेबसाइट कुणी उघडत नाही, ती बंद करा आणि सगळं इन्स्टाग्रामवर टाका.' बाकीच्या चुका पुढच्या वर्षी सुधारता येतील, ही सुधारता येणार नाही. कॅनडात काय झालं ते बघा. मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तमाध्यमांना पैसे द्यावेत, असा कायदा तिथे जून 2023 मध्ये मंजूर झाला. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने पैसे दिले नाहीत. 1 ऑगस्ट 2023 पासून कॅनडातल्या लोकांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दिसणंच बंद करायला तिने सुरुवात केली. त्या तडाख्यात विद्यार्थ्यांची वृत्तपत्रंही सापडली. टोरंटो विद्यापीठाचं 'द व्हर्सिटी' 1880 पासून निघतंय, त्याच्याही इन्स्टाग्रामवरच्या बातम्या तिथल्या वाचकांना दिसेनाशा झाल्या. भांडण सरकारचं आणि कंपनीचं, मुलांचा त्यात काही दोष नव्हता. पण त्यांच्याकडे स्वतःची वेबसाइट होती, म्हणून त्यांचं काम वाचकाला सापडत राहिलं. जे फक्त इन्स्टाग्रामवर असतील त्यांनी अशा वेळी कुठे जायचं?

आणि जुन्या बातम्यांचं काय? वार्ताहर पोरीला उद्या नोकरीच्या अर्जाला आपल्या बायलाइनची, म्हणजे स्वतःच्या नावाने आलेल्या बातमीची, लिंक जोडायची असेल, तर 24 तासांत दिसेनाशी झालेली स्टोरी ती कुठून आणणार? दोन वर्षांपूर्वी फीवाढीबद्दल कॉलेजने काय आश्वासन दिलं होतं, हे रील मागे सरकवत शोधायचं का?

दुसरा सल्ला, 'सुरुवातीला फॉलोअर विकत घ्या, खरे मागून येतात.' याचा मला संतापच आला. आकडे तपासून छापा असं आपण मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो, आणि त्यांच्याच दारावर खोटा आकडा लावायचा? विकतचे फॉलोअर वाचत नाहीत, बैठकीला येत नाहीत, चूक दाखवत नाहीत. इन्स्टाग्रामवर प्रतिसाद बघून पोस्ट जास्त लोकांपुढे नेली जाते, तिथेही ही मेलेली अकाउंटं ओझंच होतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमात व्यावसायिक फायद्यासाठी बनावट फॉलोअर विकण्यावर आणि विकत घेण्यावरही बंदी आहे. नियम कुठे लागू होतो ते सोडा. तो आकडा दाखवून जाहिरात मागितली की ती फसवणूक झाली.

'वादाच्या बातम्या टाकू नका, हसरे फोटो टाका.' मग ते कॉलेजचं माहितीपत्रक झालं. ते काढायला कॉलेजकडे माणसं आहेत.

'रोज पाच पोस्ट, ठरलेल्या वेळी.' परीक्षेच्या आठवड्यात कोण टाकणार? दोन टाका, पण नीट तपासून.

रील चालतात, हा मुद्दा मात्र मला नाइलाजाने मान्य करावा लागतो. नव्या मुलांना अंक आहे हे बहुतेकदा तिथेच कळतं. म्हणून रील करा, पण ती कामाची करा. एका बातमीसाठी वार्ताहर किती जणांना भेटली, कुणी उत्तर दिलं नाही, कोणता कागद शेवटी हाती लागला, हे 40 सेकंदांत दाखवा. बातमीची लिंक बायोमध्ये ठेवा. पुढची बैठक कुठल्या वारी, कुठल्या खोलीत, हे स्पष्ट लिहा आणि अनुभव लागत नाही हेही लिहा. दारापाशी घुटमळणारी मुलं त्या एका ओळीमुळे आत येतात.

हे सगळं भाचीला त्याच रात्री फोनवर सांगितलं. मग विचारलं, "तुमचं अकाउंट कुणाच्या नंबरवर आहे?" तिला माहीत नव्हतं. सकाळी कळलं, दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या मुलाच्या. पासवर्डही त्याच्याकडेच. आता आधी त्याला गाठून अकाउंट अंकाच्या ईमेलवर आणायचंय. वेबसाइट तूर्त चालू आहे.