कठड्याची भोकं कृपया बुजवू नका

नमस्कार साहेब. तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आधीच्या ठेकेदाराचं गच्चीवर पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या चार पाइपांत भागलं होतं, आम्ही दहा करायला लावून खर्च वाढवला. वर कठड्याला भोकं पाडली, आणि गेल्या आठवड्यात त्यांतून पाणी थेट पार्किंगमधल्या गाड्यांवर पडलं. आता ती सिमेंटने बुजवून घेणार आहात. खर्चाचा हिशेब खाली देतोच, पण आधी हात जोडून विनंती, ती भोकं बुजवू नका.

तुमचा फोन आल्यावर आमचा माणूस लगेच वर गेला होता. पूर्वेकडच्या पाचपैकी तीन पाइपांच्या जाळ्या गच्च भरल्या होत्या: एसीच्या खोक्यांतला थर्माकोल, कबुतरांची पिसं, आणि त्यात अडकलेला पतंगाचा मांजा. फोटो तुमच्या मॅनेजरांकडे आहेत. तिथे पाणी तुंबलं आणि कठड्यातून बाहेर पडलं. ही भोकं पाइपाच्या तोंडापेक्षा 2 इंच वर आहेत, एरवी त्यांतून थेंब येत नाही. पार्किंगच्या बाजूला आम्ही ती मुद्दाम काढली. मागच्या गल्लीत सोडली असती तर जाळ्या तुंबल्याचं आठवडाभर कुणाला कळलं नसतं.

ती बंद असती तर काय झालं असतं? कठड्यालगत 20 सेंटीमीटर पाणी चढलं की तिथे चौरस मीटरला 200 किलो वजन येतं. माणसांचा वावर असलेली गच्चीसुद्धा आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला 150 किलोच्या लाइव्ह लोडवर, म्हणजे माणसं-सामान अशा येत्या-जात्या वजनावर काढतात. तुमच्या उतारावर (मध्याकडे पाणी कमी होत जातं) तेवढं पाणी साठलं तर नुसत्या पूर्वेच्या अर्ध्या गच्चीवर 100 टन होतात. वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असो, या वजनापुढे ते काही करू शकत नाही.

आता चार आणि दहाचं. तुमची गच्ची 40 बाय 50 मीटर, म्हणजे 2000 चौरस मीटर. तासाला 100 मिमी पाऊस धरला तर तासाभरात 2 लाख लिटर पाणी. मुंबई पट्ट्यात हा आकडा जास्त नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला दिवसभरात 944 मिमी पडला होता, आणि गच्चीची परीक्षा त्यातला सर्वांत जोराचा तास घेतो. चार पाइपांवर हे पाणी वाटलं तर प्रत्येकाला सेकंदाला 14 लिटर गिळावे लागतात. चार इंची तोंडावर दीड इंच पाणी असताना त्यातलं निम्मंही जात नाही. दहा पाइप आणि तेही सहा इंची, तर दीड इंचातच काम होतं, भोकांपर्यंत पाणी चढत नाही. अर्थात जाळ्या मोकळ्या हव्यात.

कोबा, म्हणजे उतार देण्यासाठी स्लॅबवर चढवलेला थर, मात्र बिलात वेगळा दिसत नाही, म्हणून सांगतो. पाइप फक्त चार कोपऱ्यांत ठेवले तर गच्चीच्या मध्यापासून कोपरा 32 मीटर. शंभराला एक उतार द्यायचा तर मध्यभागी कोबा 32 सेंटीमीटर चढवावा लागतो. दोन्ही लांब बाजूंना पाच-पाच पाइप दिल्यावर हेच अंतर 20 मीटरवर आलं. मध्यावरचा 12 सेंटीमीटर कोबा वाचला, म्हणजे चौरस मीटरला 200 किलोंच्या आसपास ओझं स्लॅबवर कायमचं बसलं नाही. पाइपांचे पैसे बऱ्याच अंशी इथे परत आले. जुन्या कामात हा उतार दिलेलाच नव्हता, म्हणून तर मधोमध डबकं साचून खालच्या दुकानाचं छत गळत होतं, आणि आम्हाला तुम्ही त्यासाठीच बोलावलंत. या पावसात ते छत कोरडं आहे. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही.

गाड्यांवर पाणी पडल्याचा त्रास खरा आहे. भोकांना एक फुटाचे पुढे आलेले पाइप लावून पाणी गाड्यांच्या रांगेच्या पलीकडे झाडांच्या वाफ्यात पडेल, असं या आठवड्यात करून देतो, पैसे नाहीत. सपाट जाळ्यांऐवजी घुमटाच्या जाळ्याही बसवतो, त्या पटकन झाकल्या जात नाहीत. तुमच्याकडून एवढंच हवं: एसीवाल्यांचं काम झालं की गच्ची झाडून घ्या, आणि गच्चीच्या किल्ल्या वॉचमनकडेही ठेवा. गेल्या वेळी कुलूप उघडायला कुणी नव्हतं म्हणून आमचा माणूस अर्धा तास जिन्यात थांबला होता, आणि वर पाणी चढत होतं.